एर्सिलियाच्या उभ्या रेघा

एर्सिलिया मांचिनेल्लीने एका माणसावर एकतीस वर्षं डूख धरला. जुन्या भिंतींवरची चित्रं दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला, आणि ज्या निगुतीने ती चित्रं जपायची त्याच निगुतीने तिने हा डूख जपला. धूळ बसू दिली नाही, ओल लागू दिली नाही. त्या माणसाचं नाव कोर्रादो वेस्त्री.

कोर्रादो टीव्हीसाठी युरोपच्या चित्रकलेवर माहितीपट करायचा. देशात त्याला घरोघर ओळखतात, आणि आमच्या रोक्कालेनात जरा जास्तच, कारण डोंगरातल्या ह्या चारशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव त्यानेच जगाला सांगितलं असं लोक म्हणतात. एर्सिलियासमोर मात्र कुणी म्हणत नाही.

खरी गोष्ट अशी. एकोणऐंशीच्या भूकंपात सांता लुचिल्ला चर्चच्या भिंतीवरचा गिलावा जागोजाग गळून पडला. भिंतीवर येशूला क्रुसावरून उतरवतानाचं चित्र, खाली पाच बायका, त्यातली एक म्हातारी रडतेय. हे काम फ्लॉरेन्सच्या कुठल्याशा मोठ्या चित्रशाळेचं, असं सगळे धरून चालले होते. दुरुस्तीला एर्सिलिया आली. तेव्हा ती अडतीस वर्षांची, बारीक अंगाची, तोंडाने फटकळ. दोन वर्षं ती परांचीवर बसून होती. खाली गवंडी ओरेस्ते तिला चुना मळून द्यायचा आणि शिव्या खायचा.

ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तर सकाळी तेवढाच गिलावा चढवतात, जेवढा अंधार पडेपर्यंत रंगवून होईल. मग रोजच्या तुकड्याला एक सांधा राहतो. दिवा तिरका धरला की तो दिसतो. एर्सिलियाने दिवा धरून सांधे मोजले, तर भिंतीवर एकेचाळीस दिवस भरले. इतके लहान तुकडे चित्रशाळेतली माणसं पाडत नाहीत. हे काम चुनाही स्वतःच मळणाऱ्या एकट्या माणसाचं होतं. तिने आसपासच्या भिंती पालथ्या घातल्या. खिंडीतल्या एका एवढ्याशा देवळीत तसेच तुकडे सापडले, आणि तिथे खाली आमच्याच गावच्या एका रंगाऱ्याचं नाव होतं. म्हणजे पाचशे वर्षं गावाने आपल्याच माणसाचं श्रेय फ्लॉरेन्सला देऊन टाकलं होतं.

तेवढ्यात कॅमेरा घेऊन तरणा कोर्रादो आला. एर्सिलियाने त्याला चार दिवस परांचीवर शेजारी बसवून एकेक सांधा दाखवला. आपलं काम कुणी इतक्या भक्तीने ऐकून घेतंय ह्याचं तिला अप्रूप वाटलं, आणि तिथेच ती फसली. माहितीपटात कोर्रादो म्हणाला, 'मी मोजत गेलो आणि माझ्या लक्षात आलं.' पडद्यावर एर्सिलियाचा फक्त उजवा हात दिसला, दिवा धरलेला, मनगटापर्यंत. शेवटी आभार मानले होते पाद्र्याचे, खानावळीचे आणि वीज जोडून देणाऱ्याचे. तिचं नाव कुठेच नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि नागोबाला पुढे दोन बक्षिसंही मिळाली.

तिने त्याला दोनदा पत्रं लिहिली. उत्तरादाखल त्याच्या कचेरीतून त्याचा सही केलेला फोटो आला.

काम संपल्यावर ती गावातच राहिली, आणि तेव्हापासून तिने ठरवलं की ह्या माणसाला एकदा तोंडावर आपटलेला बघायचं. त्यासाठी ती त्याचा एकही माहितीपट चुकवत नसे. फादर उबाल्दो दर रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात पडदा लावत, आणि अख्खं गाव कोर्रादोच्या मागे मागे युरोप हिंडत असे. कॅथीड्रलांच्या रंगीत काचा, उत्तरेकडचे तैलचित्रवाले, व्हेनिसचे रंगेल लोक, मग उघड्यावर बसून ऊन रंगवणारे, मग शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून डोळ्यालाच रंग कालवायला लावणारे. ओरेस्तेला बरोक काळातली नक्षीदार चर्चं आवडत, कारण त्यांत गिलाव्याचं काम भरपूर. खानावळवाली नुन्झिया ठिपकेवाल्यांना म्हणायची, ह्यांच्या बायकांनी ह्यांना वेळेवर जेवायला घातलं नसणार. एर्सिलिया मागच्या रांगेत वही घेऊन बसे आणि कोर्रादोच्या चुका टिपून ठेवी. चौसष्ट चुका जमल्या होत्या, पण सगळ्या किरकोळ. एवढ्याने माणूस पडत नाही.

एकतिसाव्या वर्षी कोर्रादो परत आला. दहा भागांची नवी मालिका होती: कुठली गोष्ट युरोपच्या चित्रांत सर्वांत आधी कुणी केली, ह्याचा शोध. पहिल्यांदा सावली कुणी रंगवली, पहिल्यांदा हसू कुणी रंगवलं. त्याला 'पहिल्यांदा'चं व्यसनच लागलं होतं. केस पांढरे झाले होते, काठी आली होती. नुन्झियाने मसुराची डाळ आणि सॉसेज रांधून गावजेवणासारखा थाट केला. एर्सिलिया जेवायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मात्र ती हजर होती, कारण किल्ली तिच्याकडे असे.

आता तिच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. गळून पडलेली जागा भरायची, पण बघणाऱ्याला फसवायचं नाही. म्हणून तिथे मूळ चित्रासारखं रंगवत नाहीत. शुद्ध रंगांच्या केसाएवढ्या उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढतात. लांबून डोळा त्या कालवून गाल पुरा करतो, आणि जवळ गेलं की रेघा स्वतःच कबूल करतात, हे जुनं नव्हे, ही दुरुस्ती आहे. हा नियम एर्सिलियाला देवाच्या दहा आज्ञांहून जास्त पाठ होता. रडणाऱ्या म्हातारीचा डावा गाल आणि हनुवटी तिने अशीच भरली होती, अकरा आठवडे खपून. रेघा इतक्या बारीक की खालून बघणाऱ्याला पत्ता लागत नसे.

कोर्रादोला हे ठाऊक कसं नाही, असं कुणीही विचारेल. पण कोर्रादोने जन्मभर चित्रं कॅमेऱ्यातून पाहिली. दुरुस्तीच्या जागा पडद्यावर शोभत नाहीत म्हणून त्या तो टाळतच आला होता, आणि नियम ऐकला असलाच तर कानामागे टाकला होता. दुरुस्तीचे कागद जिल्ह्याच्या कचेरीत होते. ते मागवायची गरज त्याला वाटली नाही.

तो शिडी चढला, नवा कॅमेरा म्हातारीच्या गालाला भिडवला. मग घाईघाईने खाली उतरला. म्हणाला, ठिपकेवाल्यांच्या चारशे वर्षं आधी कुणीतरी शुद्ध रंग शेजारी शेजारी ठेवलेत, अगदी जाणूनबुजून, आणि तेही अश्रूच्या जागी.

ओरेस्ते तिथेच होता. त्याने तोंड उघडलं. एर्सिलियाने आपल्या जाड टाचेने त्याचा पाय दाबला तो उचललाच नाही.

"सिन्योरा," कोर्रादोने विचारलं, "ह्या रेघा तुम्ही पाहिल्या आहेत?"

"माझ्याइतक्या त्या कुणीच पाहिल्या नसतील."

"म्हणजे मला भास होत नाहीये."

"रेघा आहेत तिथे," एर्सिलिया म्हणाली. "कुणीतरी मन लावून ओढल्यात."

त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. तिने घेऊ दिले. आपण एक शब्द खोटा बोललो नाही, असं ती घरी जाताना ओरेस्तेला तीनदा म्हणाली. ओरेस्ते लंगडत चालत होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, की बघणाऱ्याला फसवायचं नाही म्हणूनच त्या रेघा ओढतात ना? ती त्याच्यावर खेकसली, की चुन्याला चुना लावणाऱ्याने धर्म शिकवू नये. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, आणि ते आनंदामुळे, अशी तिने स्वतःची समजूत काढली.

वसंतात टीव्हीच्या साप्ताहिकात जाहिरात आली: 'ठिपक्यांचं रहस्य, चारशे वर्षं आधी, एका डोंगरी भिंतीवर. येत्या रविवारी दुपारी चार.' एर्सिलियाने शुक्रवारीच देशातल्या सर्वांत मोठ्या वर्तमानपत्राला पत्र टाकलं. सोबत एक्क्याऐंशीचे फोटो, भोक पडलेला गाल, अर्धा भरलेला गाल, पुरा भरलेला गाल. पत्रातलं एक वाक्य तिला फार आवडलं होतं. ते तिने ओरेस्तेला दोनदा वाचून दाखवलं: 'ज्याला ह्या रेघा जुन्या वाटल्या, त्याला आमच्या कामातला अ की ठ कळत नाही, आणि ज्याला कळूनही तो बोलला नाही, तो भामटा.' खाली पूर्ण नाव, ठसठशीत अक्षरांत. एकतीस वर्षांनी त्या भिंतीच्या गोष्टीत तिचं नाव येणार होतं.

रविवारी सभागृहात बसायला जागा नव्हती. एर्सिलिया पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसली. मंगळवारी, वाचकांची पत्रं छापायच्या दिवशी, ह्या माणसाचं देशभर हसं होणार, आणि त्याआधीचा त्याचा डौल तिला जवळून बघायचा होता.

पडद्यावर सांता लुचिल्लाची भिंत आली. कोर्रादो काठीवर रेलून उभा होता. तो म्हणाला, एकतीस वर्षांपूर्वी ह्याच जागी मी एक शोध माझा म्हणून सांगितला. तो माझा नव्हता. एर्सिलिया मांचिनेल्ली नावाच्या बाईने तो लावला, आणि मी तिचं नाव घेतलं नाही. मग पडद्यावर तिचा चेहरा आला, चर्चच्या दारात किल्ली घेऊन उभी असलेली एर्सिलिया, मनगटापर्यंत नव्हे, पुरी. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. नुन्झिया रडायलाच लागली.

एर्सिलियाला आयुष्यभर हवं होतं ते समोर होतं, आणि पुढे काय येणार हे तिच्याइतकं त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं.

म्हातारीचा गाल आला. रेघा आल्या, हाताएवढ्या मोठ्या. कोर्रादो म्हणाला, 'आणि आजचा शोधही माझा नाही. दुसऱ्याचा शोध आपला म्हणून सांगायची माझी जुनी खोड मला मोडायची आहे. ह्या रेघा मला जुन्या वाटल्या खऱ्या, पण माझ्या डोळ्यांवर मी विसंबलो नाही. ज्या बाईने ह्या सर्वांत जास्त पाहिल्या, तिने मला खात्री दिली. हा शोध एर्सिलिया मांचिनेल्लीचा, आणि यापुढे तिच्याच नावाने ओळखला जावा.'

लोक उठून उभे राहिले. तिच्या गालांचे मुके घ्यायला रांग लागली. फादर उबाल्दोंनी फोन आणून तिच्या कानाला लावला. पलीकडे कोर्रादो होता.

"एर्सिलिया, फार उशीर केला मी," तो म्हणाला. "पण आता तरी फिटलं ना?"

तिने फोन फादरांच्या हातात परत दिला. बाईंना भरून आलंय, असं फादरांनी त्याला सांगितलं.

सोमवारी सकाळी वर्तमानपत्राला एक फोन केला असता तर पत्र थांबलं असतं. ती दुपारपर्यंत फोनशेजारी खुर्ची टाकून बसली. पत्र थांबवावं, तर तिच्या हातच्या रेघा पाचशे वर्षं जुन्या म्हणून जगभर सांगितल्या जाणार, आणि तेही तिच्याच नावाने. नाही थांबवावं, तर तिचंच वाक्य तिच्यावर उलटणार. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेली ती, आणि आता नाक तेवढं कापलं जाणार होतं. कोर्रादोवरचा राग शोधून तिला सापडेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. दुपारी ती उठली आणि बागेत गेली. फोन केला नाही. भिंतीबद्दल खोटं ती ठेवू शकत नव्हती, बाकी काहीही झालं तरी.

मंगळवारी पत्र छापून आलं, फोटोंसकट. खाली संपादकाने एकच ओळ जोडली होती: 'वाचकांच्या माहितीसाठी, रविवारच्या माहितीपटात हा शोध पत्रलेखिकेच्याच नावावर जाहीर झाला आहे.'

नुन्झियाच्या खानावळीत पंधरा-वीस माणसं होती आणि पेपर टेबलावर उघडा होता. एर्सिलिया आत आली तेव्हा कुणी हसलं नाही. लोक खरंच गोंधळले होते. नुन्झियाने घसा साफ केला आणि विचारलं, की एर्सिलिया, ह्याचा अर्थ काय लावायचा आम्ही?

ओरेस्ते कोपऱ्यातून उठला. "अर्थ कसला लावता," तो म्हणाला. "सत्तरीची बाई आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, मला माहीत आहे. त्या दिवशी तिला आपल्याच रेघा ओळखू आल्या नाहीत, आणि नंतर फोटो सापडल्यावर बिचारीने प्रामाणिकपणे कळवलं. वयाने होतं असं."

खोली सैल झाली. लोक माना हलवू लागले. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली, आणि नुन्झियाने तिच्या पाठीवर हात ठेवला. आता नुसतं बसायचं होतं, बाकी सगळं ओरेस्तेने करून ठेवलं होतं.

एर्सिलिया बसली नाही.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "तो शिडीवर होता तेव्हाच मला कळत होतं. एकेक रेघ ओळखते मी माझी."

नुन्झियाने तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला.