काकांची हजेरी

मावशीच्या उत्तरकार्याला पाच मिनिटं बोलायचं काम माझ्यावर आलं. घरात काहीही असलं की किस्से सांगायला मलाच उभं करतात. निम्मे मी रंगवलेले असतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी करतात.

मावशी धरणगावला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचे यजमान, आमचे काका, सैन्यात, तोफखान्यात. दोन महिने रजेवर यायचे, मग वर्षभर नाहीत.

माझा ठरलेला किस्सा असा. तिसरीत मी तिच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तरी तिनं माझी गैरहजेरी लावली.

‘मावशी, मी इथंच तर बसलोय!’

‘शाळेत बाई म्हणायचं. आणि बाकावर तुझं दप्तरही बसलंय. त्याची लावू का हजेरी?’

तिचा नियमच होता. नुसतं बघून हजेरी नाही. हाक मारल्यावर ‘हजर’ ऐकू आलं तरच. मी खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत होतो.

किस्सा तयार होता. साल तेवढं नक्की करावं म्हणून त्या दोघांच्या जळगावच्या घरी तिचं कपाट उघडलं, तर एक हजेरीपट निघाला. आत विद्यार्थी एकच : काका. नोकरीची वर्षं लाल शून्यांनी भरलेली, मध्ये रजेपुरती निळी टिंबं. इथवर मला समजलं. पण ते निवृत्त होऊन घरी आल्यावरही लालच! महिनेच्या महिने लाल. मी चक्रावलो. नंतर ते वरणगावला कारखान्यात वगैरे लागले होते की काय? मला तर ते खुर्चीत पेपर वाचतानाच आठवतात. पण माझ्या आठवणींवर माझाच विश्वास नाही.

‘काका, निवृत्तीनंतर तुम्ही कुठं होता?’ मी ओरडूनच विचारलं. तोफांनी त्यांचे कान गेलेत.

‘कुठं म्हणजे? इथंच. याच खुर्चीत.’

मी हजेरीपट दाखवला आणि, गप्प बसायला कधी शिकलोच नसल्यामुळे, वर्गातला नियमही सांगून टाकला. काका बराच वेळ पानं उलटत राहिले.

‘म्हणजे ती रोज हाक मारायची?’

‘मारत असेल.’

‘मोठ्यानं की हळू?’

मला काय माहीत! पाठ केलेलं भाषण तिथंच विस्कटलं. ती चिडून लिहीत होती, की गंमत म्हणून, की वाट बघत? शेवटाकडे सलग दहा-बारा निळी टिंबं होती. काकांनी त्यांवर बोट ठेवलं.

‘तेव्हा कानाचं मशीन आणलं होतं.’

‘मग पुढं परत लाल का?’

‘शिट्टी मारायचं ते. ड्रॉवरमध्ये टाकलं.’

उत्तरकार्याच्या दिवशी मी उभा राहिलो. सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. पुढच्या रांगेत बारीक शिट्टी वाजत होती. लोक आपापले मोबाईल तपासत होते.

‘मावशी...’ मी म्हणालो आणि अडलो.

काकांनी कानावरचा हात काढून वर केला.

‘येतंय ऐकू,’ ते म्हणाले. ‘सांग.’