पट्टा ढिला केला नाही म्हणून

"पावलाला नाडी लागत नाही," सर्जन म्हणाले. मग त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. रक्त थांबवायचा पट्टा मांडीला कधी बांधला ती वेळ माझ्या सोबतच्या महादेवने तिथे पेनाने लिहून ठेवली होती. "अजून हातात वेळ आहे. पाय वाचवायचा प्रयत्न करू. नाही जमलं तर कापावा लागेल."

काही तासांपूर्वी सीमेवरच्या आमच्या चौकीजवळ तोफगोळा फुटला आणि त्याचा एक तुकडा माझ्या गुडघ्यामागे घुसला. तिथली पॉपलिटियल आर्टरी, म्हणजे पोटरीला आणि पावलाला रक्त नेणारी मोठी धमनी, तुटली.

महादेव बीडचा, आमच्या तुकडीतला नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर मागच्या तळावर असतात. जखमीपर्यंत सगळ्यात आधी पोचतो तो असाच कुणीतरी. त्याने माझ्या मांडीला टूर्निके बांधलं. टूर्निके म्हणजे रक्त थांबेपर्यंत पीळ देऊन आवळायचा पट्टा. त्याची कळ अशी, की जखम परवडली.

ढगांमुळे हेलिकॉप्टर लांबलं. जरासा ढिला कर म्हणून मी आधी विनवण्या केल्या, मग महादेवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझा हात पट्ट्याकडे गेला की तो शांतपणे बाजूला सारायचा.

"भावा, आत्ता सोडला तर तू इथंच संपशील," तो म्हणाला. "सोताच्या पायावर उभा राहा, मग मीच सोडतो."

लष्करी रुग्णालयात दुसऱ्या पायातली शीर काढून तुटलेल्या धमनीच्या जागी जोडली. शुद्धीवर आल्यावर मी आधी पांघरुणाकडे पाहिलं. पुढे दोन पावलांचे दोन उंचवटे होते. सर्जननी पावलावर डॉपलर टेकवला. रक्त वाहताना ऐकू यावं म्हणून असतं ते यंत्र. सूं सूं सूं, असा आवाज वॉर्डभर घुमला. शेजारच्या खाटेवरच्या जवानाने तो पुन्हा लावायला सांगितला, आणि सर्जननी हसत लावलाही. मी ढसाढसा रडलो.

पुढे फिजिओथेरपीचे महिने अंत पाहणारे होते. नसेला मार बसल्यामुळे पाऊल वर उचलत नव्हतं. मी चिडचिड करायचो. आई पुनावळ्याहून भेटायला आली, पाय चाचपून म्हणाली, "हाय न्हवं जागेवर? मग चालंल की."

आणि चालला. आज चाकणच्या कंपनीत मी अख्खी शिफ्ट उभा राहून करतो. तुमच्या माणसावर अशी वेळ आली आणि कुणी जाणत्याने पट्टा आवळला असेल, तर तो कितीही रडला-भेकला तरी डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी पट्टा सोडू नका. आणि व्यायाम टाळू देऊ नका.

परवा महादेव सुट्टीत मला भेटायला आला. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, म्हणून मी चार मजले जिना उतरून खाली गेलो. त्या दिवशीच्या शिव्यांबद्दल माफी मागायला लागलो, तर त्याने थांबवलं.

"तू शिव्या देत हुतास तवर मला भ्याव नव्हतं. गप झालास तवा घाबरलो."

मग त्याने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि पट्ट्याचा पीळ उलगडावा तशी बोटं फिरवली.

"घे. सोडला."

आम्ही चहा प्यायला हायवेपर्यंत चालत गेलो. पुढे मी होतो.