सगळ्यांना 'अहो'

सोलच्या विद्यापीठात ओक-बूनताई आमच्याबरोबर झाडलोट करतात. साठी उलटलेली. आमच्या सफाई कामगार संघटनेच्या बैठकीत, मदतीला येणाऱ्या मुलांपैकी सॉयून नावाच्या विद्यार्थिनीनं ठराव मांडला, "समानता हवी, तर लहानमोठे सगळे एकमेकांना 'तू' म्हणू."

ताई हळूच म्हणाल्या, "मुकादम आजवर 'ए, तू'च म्हणत आला. 'अहो' पहिल्यांदा तुम्हा मुलांकडून ऐकलं. तेवढं राहू द्या."

सॉयून गडबडली. "पण आम्ही 'अहो' आणि तुम्ही आम्हाला 'तू', ही कसली बरोबरी?"

"मग मीही म्हणते की!" ताईंनी वाडगा पुढे सरकवला. "अहो सॉयूनबाई, सूप घ्या, गार होतंय."

"अय्या, मी सासूबाई झाले!" सॉयून लाजली आणि तिनं स्वतःच ठराव बदलला.

रविवारी चर्चमध्ये ताई माझ्याशेजारी बसतात. पूर्वी भजनं नुसती पुटपुटायच्या, त्या बैठकीपासून मोठ्यानं गातात.