गेरू, दगडी कोळसा आणि ठकुबाईंचा कुकर

“कुकर माझा, गेरू माझा. मग ह्यात तुमचं काय?” ठकुबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“डोकं,” कुंडलिकराव म्हणाले.

कुकरात काळा चिखल होता. घरभर डांबराचा वास. उद्या सून मंगलच्या माहेरची माणसं जेवायला येणार होती आणि पुरणाची डाळ मावेल असा तेवढा एकच कुकर होता.

कुंडलिकराव वरवे गावाजवळच्या कारखान्यात बॉयलरवर राबून निवृत्त झालेले. पण हाताला चैन नाही. मागं पंख्याच्या मोटरीवर ताक घुसळलं, तेव्हा लोणी आढ्याला लागलं होतं.

परवा रसायनशास्त्र शिकणारा पुतण्या अमृत चहाला आला. म्हणाला, दगडी कोळशाचं पेट्रोलसारखं तेल करता येतं. प्रचंड उष्णता, दाब आणि हायड्रोजन लागतो. लोखंडाची खनिजं त्या कामाला वेग देतात. काकूला कळावं म्हणून त्यानं सोपं केलं: खनिज म्हणजे लग्नातला मध्यस्थ. दोघांचं झटपट जमवतो आणि स्वतः होता तसाच राहतो.

“जेवून जात आसंल की,” ठकुबाई म्हणाल्या होत्या.

कुंडलिकरावांनी मनात जुळणी केली. दाब म्हणजे कुकर. हायड्रोजन पाण्यात असतोच. लोखंडाची माती म्हणजे गेरू. तो ठकुबाईंनी दाराला लावायला कालवून ठेवलेला. कोळसा वीटभट्टीवरून आणला. बऱ्याच शिट्ट्यांनंतर झाकण काढलं, तर वर तेल तरंगत होतं. पळीभर पणतीत घातलं, वात पेटली. शेजारच्या गेनबाला त्यांनी, आता पंपावर जाऊ नको, असं सांगूनही टाकलं.

ठकुबाईंनी ती पणती नाकाशी नेली.

“गेरू कशात कालवला व्हता म्या?”

कुंडलिकरावांनी गेरूचं रिकामं भांडं हुंगलं.

“जवसाच्या तेलात. दार पावसात टिकावं म्हणून.”

मंगल तोंडाला ओढणी लावून आत पळाली.  कुंडलिकराव म्हणाले, तेल जवसाचं का असेना, गेरू होता तसाच राहिला की नाही? म्हणजे मध्यस्थ तरी खरा निघाला.

ठकुबाईंनी काथ्या आणि राख त्यांच्यापुढं ठेवली आणि आतल्या खोलीकडं वळून सांगितलं, “मंगल, उद्या डाळ पातेल्यात शिजंल. ती शिजंस्तवर चुलीपाशी हे बसतील, कुकर घासत.”