आधी सासऱ्यांना विचारलं

शाळेतली नोकरी सोडून कुटुंब समुपदेशन शिकायला लागले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. घरच्यांना वाटलं, हे खूळ महिनाभर टिकेल. मी मात्र ठरवलं होतं, शिकायचं तर पुरतं शिकायचं. मालवणातल्या एका केंद्रात प्रत्यक्ष काम करायचं आणि पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना दर आठवड्याला व्हिडिओवर सगळं सांगायचं, असा क्रम सुरू झाला.

माझ्याकडे आलेलं पहिलं कुटुंब कट्टा गावाच्या पलीकडचं, भातशेती आणि काजूची बाग असलेलं. ओळख पटू नये म्हणून इथे थोडं बदलून सांगते आहे. सून आरोंद्याला माहेरी गेली होती आणि परत यायला तयार नव्हती. पहिल्या बैठकीला ती माहेराहून आली, नवरा आणि सासरे घरून आले. सासू पूर्वीच वारली होती.

शिकवल्याप्रमाणे मी एकेकाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? सासरे बोलले. मुलाला विचारलं तरी सासरेच बोलले, तेही कचेरीत बोलावं तसं जपून जपून, पुस्तकी मराठीत. सून ओढणी सारखी करत "काही नाही" एवढंच म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी सासऱ्यांना बाहेर बसवा. मलाही आधी तेच वाटलं होतं. आमचं घर ख्रिस्ती. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर आई बाबांना मध्येच अडवायची आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. पण या घरात मोठ्या माणसाने सगळ्यांच्या वतीने बोलायची रीत होती. त्यांना बाहेर काढलं असतं तर घरी गेल्यावर बोल सुनेलाच लागला असता. मी मॅडमकडे सासऱ्यांना आतच ठेवून आणखी एक बैठक मागितली. त्या नाखुशीनेच हो म्हणाल्या, पण सून घाबरलेली दिसली तर तिथेच थांबायचं, अशी अट घातली.

म्हणून मी आधी सुनेला फोन केला आणि सासऱ्यांसमोर बोलायला भीती वाटते का, हे विचारलं. भीती नाही म्हणाली. मग म्हणाली, "त्येंनी इचारल्यानी तर सांगतलंय." म्हणजे त्यांनी स्वतः विचारलं तर ती सांगणार होती.

दुसऱ्या बैठकीत मी शिकवणीतली भाषा बाजूला ठेवली आणि घरच्यासारखी मालवणीत बोलले. सासऱ्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. ते थांबल्यावर म्हटलं, "घरात मोठे तुमी. तिका तुमीच इचारा."

सुनेकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तुका काय झाला गो?"

"माझा पोर पोटातच गेला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सगळे कामाक लागले. माका कोणी एक शबुद इचारूक नाय."

नवरा मान खाली घालून रडायला लागला. सासरे म्हणाले, "माका वाटला, इषय काढलंय तर तुका तरास होतलो."

मला बोलायची घाई झाली होती. पुस्तकातली दोन-तीन वाक्यं जिभेवर आली होती. मी ती गिळली आणि त्या तिघांना बोलू दिलं.

ती लगेच सासरी गेली नाही. नवरा दर रविवारी मोटारसायकलने आरोंद्याला जायला लागला. काजूचा हंगाम संपता संपता ती परत आली, आणि त्यानंतरही काही महिने दोघं माझ्याकडे येत राहिली.

मॅडमनी मला सहज सोडलं नाही. सासरे ऐकणारे निघाले म्हणून जमलं, तसे नसते तर काय केलं असतंत, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर शोधायला मी आणखी वर्षभर त्यांच्याकडे शिकत राहिले. पुढे एका घरातल्या, कुणाचं ऐकून न घेणाऱ्या मोठ्या माणसाला मला बाहेर बसवावंच लागलं. तेव्हा उठून दार मीच लावून घेतलं.