खडकवाडीचे कोरडे दिवस

भाऊराव सोनकांबळे यांना वाचता येणार नाही असं अक्षर अजून कुणी काढलं नव्हतं. वाकोल्याच्या गल्ल्यांमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं टपाल वाटलं. पावसात भिजून शाई पसरलेलं कार्ड असो की आखातातून आलेलं, घाईत खरडलेलं पाकीट असो, पोस्टात टपाल लावायला बसलेला माणूस अडला की हाक मारायचा, "भाऊ, हे बघ रे जरा." भाऊराव पाकीट डोळ्यांपासून लांब धरायचे, क्षणभर ओठ हलवायचे आणि सांगायचे, "शेख नाही, शेठ आहे. मशिदीमागची चाळ, दुसरा मजला." बहुतेक वेळा तसंच निघायचं.

पण ते निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीच पत्रं येईनाशी झाली. शेवटची काही वर्षं पिशवीत नुसती छापील पाकिटं. घाटकोपरला पंतनगरच्या घरी बसल्यावर तर शेजारीपाजारी डॉक्टरांची चिठ्ठी वाचून घ्यायला यायचे, तेवढाच काय तो अक्षरांशी संबंध उरला.

त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा हवामानावर संशोधन करायची. तिचं काम जुन्या पावसाचं. शंभर-सव्वाशे वर्षांत कुठल्या गावात, कुठल्या दिवशी किती पाऊस पडला, हे शोधून इंटरनेटवरच्या एका खुल्या साठ्यात घालायचं. तो साठा कुणाच्या मालकीचा नव्हता. जगातल्या कुणीही तो उतरवून घ्यावा, त्यावर अभ्यास करावा, चूक सापडली तर कळवावी. आकडे होते जुन्या वह्यांमध्ये. वह्यांचे फोटो काढून झाले होते, पण ते हस्ताक्षर कॉम्प्युटरला लागत नव्हतं आणि माणसांनाही धड लागत नव्हतं.

एका शनिवारी दुपारी ती लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती. भाऊराव चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले.

"हे एक आहे की सात, यावर आम्ही चौघं तीन दिवस भांडतोय," ती म्हणाली.

"एक आहे."

"कशावरून?"

"हा माणूस सात काढताना हात वर नेतो. वरच्या ओळीत बघ. इथं नेलेला नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि खालचं ते तीन नाही, पाच आहे. पेन अडकलंय कागदात."

संघमित्राने वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाप-लेकीने अठरा पानं उतरवली. भाऊरावांची बायको मीराबाई दोनदा जेवायला हाक मारून गेल्या आणि तिसऱ्यांदा ताटंच तिथं आणून ठेवली.

मग भाऊराव रोज बसायला लागले. एका बोटाने टाइप करत, पण सावकाश आणि पक्कं. दीपगृहाच्या वह्या आल्या, चहाच्या मळ्यांच्या आल्या, छोट्या स्टेशनांच्या आल्या. दर वहीला एक हात होता, आणि चार-पाच पानांत भाऊरावांना तो हात ओळखीचा व्हायचा. कुणी सोमवारी नीट लिहायचा आणि शनिवारपर्यंत वाकडा व्हायचा. कुणाला चष्मा लागला ते अक्षर मोठं झाल्यावर कळायचं. एका मळ्याच्या वहीत अकरा वर्षं एकच अक्षर होतं आणि एका मंगळवारी ते बदललं. भाऊराव त्या पानावर बराच वेळ थांबले. "गेला वाटतं," एवढंच म्हणाले.

खडकवाडीची वही आली तेव्हा त्यांच्या कामाचा सहावा की सातवा महिना चालू असेल. खडकवाडी बीड जिल्ह्यातली. तिथल्या दवाखान्यात कुणा डॉक्टरने पाऊस मोजायचं भांडं बसवलं होतं, आणि कंपाउंडर रोज सकाळी साडेआठला त्यात बघून लिहायचा. दर महिन्याच्या शेवटी सही : शिवदास लोहकरे. भाऊरावांचं स्वतःचं गाव तिथून दहा-बारा कोसांवर. वही त्यांनीच मागून घेतली असं नाही, ती यादीत आली म्हणून आली.

ही वही आधीच उतरवून ठेवलेली होती, वेगवेगळी वर्षं वेगवेगळ्या माणसांनी. भाऊरावांना फक्त तपासायची होती. संघमित्राने त्यांना समजावं म्हणून त्या भागाचा नकाशाही उघडून दाखवला. सन बहात्तरचा जुलै. खडकवाडीच्या आसपास फिकट हिरवा रंग होता.

"हिरवा म्हणजे?"

"थोडा पाऊस झाला."

"कुठं?"

"इथं, पप्पा. खडकवाडीला."

भाऊराव खुर्चीवरून उठले. "झाला नाही," ते म्हणाले. "मी होतो ना तिथं."

बहात्तर साली ते बारा वर्षांचे होते. आईबरोबर दुष्काळी कामावर, रस्त्यासाठी खडी फोडायला जायचे. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर ते वर्ष निघालं. जुलैत रोज दुपारी पश्चिमेला ढग यायचे, माणसं हातातलं काम सोडून बघत राहायची, आणि ढग तसेच वर निघून जायचे. हे त्यांनी मुलीला कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी उभ्या उभ्या सांगितलं.

संघमित्राने आकडे उघडले. "हे बघा ना. जुलैच्या एकतीसही दिवसांपुढे 'नोंद नाही' असं आहे. वहीत तिथं नुसती एक वाकडी रेघ आहे. वाचणाऱ्याने धरलं, कंपाउंडरने त्या दिवशी मोजलंच नाही. आणि मोकळी जागा असली की कॉम्प्युटर आजूबाजूच्या गावांवरून अंदाज बांधतो. पश्चिमेकडच्या गावांना पाऊस झाला होता, तर त्याने थोडा इथंही पाडला."

"रेघ दाखव."

तिने पान मोठं केलं. भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रेघच होती. पण तिच्या डोक्यावर एक बारीकसा बाक होता, आणि शेवटी पेन किंचित वर उचललेलं होतं.

"रेघ मारणारा माणूस पेन असं उचलत नाही," ते म्हणाले. "हे अक्षर आहे."

"कुठलं?"

"माहीत नाही अजून. मागं जावं लागेल."

चार दिवस ते मागे मागे गेले. बहात्तरवरून एकाहत्तर, सत्तर, एकोणसत्तर. पोस्टात शिकलेली गोष्ट त्यांना ठाऊक होती : माणूस एखादा शब्द पहिल्यांदा लिहितो तेव्हा नीट लिहितो, रोज लिहायला लागला की हात पळतो आणि शब्द झिजतो. जसजसे ते मागे गेले तसतशी रेघ उघडत गेली. बाकाची वेलांटी झाली. सत्तरच्या उन्हाळ्यात खाली गाठ दिसायला लागली. आणि एकोणसत्तर सालच्या अगदी पहिल्या पानावर, एक जानेवारीपुढे, शिवदास लोहकऱ्यांनी शाळेतल्या मुलासारखं गोल गोल लिहिलं होतं : निरंक.

भाऊरावांनी हाक मारली ती अशी, की मीराबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"मित्रा, तो मोजत होता गं! रोज जात होता! भांड्यात काही नव्हतं म्हणून निरंक लिहीत होता. निरंक म्हणजे शून्य. नोंद नाही असं नव्हे, शून्याची नोंद!"

आणखी एक पुरावा त्यांनीच काढला. बहात्तरच्या मार्चमध्ये कंपाउंडर तीन दिवस रजेवर होता. त्या तीन दिवसांच्या चौकटी खरोखर रिकाम्या होत्या, आणि समासात बारीक अक्षरात 'रजा' होतं.

संघमित्राने सगळं लिहून, पानांच्या फोटोंसकट, साठा सांभाळणाऱ्यांना पाठवलं. प्रश्न आले, उत्तरं गेली. दीड महिन्याने दुरुस्ती मान्य झाली. वहीतले नऊशेच्या वर दिवस 'नोंद नाही' होते, ते शून्य झाले. बदलाच्या नोंदीत, सगळ्या जगाला दिसेल असं, वाचकाचं नाव होतं : भाऊराव सोनकांबळे, मुंबई.

नवा नकाशा संघमित्राने त्यांच्यासमोरच काढला. पडद्यावर सन बहात्तरचे महिने एकेक करून सरकायला लागले. जून आला. जुलै आला, आणि खडकवाडीवरचा हिरवा रंग विरून तिथं तपकिरी डाग उमटला. ऑगस्टमध्ये तो पसरला. दहा-बारा कोस पसरला. भाऊरावांच्या गावावरून गेला, ज्या माळावर त्यांची आई खडी फोडत होती त्या माळावरून गेला.

मीराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याही त्याच भागातल्या.

"आता हे कुठं कुठं दिसतं?" भाऊरावांनी विचारलं.

"सगळीकडे. आज सकाळपासून केनियात कुणी उतरवून घेतलंय, जपानमध्ये घेतलंय. पुढचा दुष्काळ कसा येईल याचं गणित करताना हा दुष्काळ त्यात असेल."

भाऊरावांनी पडद्याकडे बोट केलं. नकाशावर बीड जिल्ह्याबाहेरही ठिपके होते. हजारो. समुद्रात होते, वाळवंटात होते. "आणि या प्रत्येक ठिपक्यावर कुणीतरी सकाळी उठून बघायला जात होतं?"

"हो."

"कुणी सांगितलं नसताना?"

"काहींना पगार होता. पुष्कळांना नव्हता."

भाऊराव हळूच खाली बसले. विहाराच्या पायरीवर बसावं तसे, हात मांडीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टकार्ड आणलं. पत्ता लिहिला : कै. अथवा श्री. शिवदास लोहकरे, कंपाउंडर, यांच्या घरच्यांस, मु. पो. खडकवाडी. खाली आपला फोन नंबर. संघमित्रा हसली, "पप्पा, पन्नास वर्षं झाली." ते म्हणाले, "गावचा पोस्टमन असेल ना. तो बघेल."

सतराव्या दिवशी फोन आला. मुलुंडहून. लोहकरे कंपाउंडरांची मुलगी वसुधा तिथंच राहत होती. गावाकडच्या भावाने कार्डाचा फोटो तिला पाठवला होता.

रविवारी बाप-लेक मुलुंडला गेले. वसुधाबाई पासष्टीच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. वडील जाऊन एकवीस वर्षं झाल्याचं त्यांनी सांगितलं. संघमित्राने लॅपटॉप उघडला आणि 'निरंक'चं पान दाखवलं. वसुधाबाईंनी पडद्यावरचं अक्षर बोटाने गिरवलं, अगदी सावकाश.

"मी जायचे त्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी भांड्यात धूळ असायची. ते धूळ झटकायचे, भांडं उलटं करायचे आणि आत येऊन लिहायचे. मी एकदा विचारलं, अण्णा, काहीच पडत नाही तर लिहायचं कशाला? तर म्हणाले, काहीच पडलं नाही हेही कुणीतरी सांगायला पाहिजे ना, बाळ."

भाऊरावांनी मान खाली घातली. नंतर त्यांनी त्या बाईंना आपलं गाव सांगितलं, आणि आईचं नाव सांगितलं. वसुधाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या रस्त्याची खडी आमच्याकडच्याच खाणीतली." मग दोघं जण बराच वेळ त्या वर्षाबद्दल बोलत बसले, विहिरी, चारा, टँकर, कोण गेलं, कोण मुंबईला आलं. संघमित्रा नुसती ऐकत होती.

निघताना वसुधाबाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. "तुमच्याकडे किती वर्षांची वही आहे?"

"एकोणसत्तर ते त्र्याहत्तर."

"मग बाकीच्या?"

"बाकीच्या कुठल्या?" संघमित्राने विचारलं.

"अण्णा तिथं एकोणतीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावरही भांडं घरी आणून अंगणात बसवलं होतं. गावच्या घरी माळ्यावर लोखंडी पेटी आहे. माझा भाऊ उघडत नाही, मी पण उघडली नाही."

भाऊरावांनी चप्पल घालता घालता मुलीकडे पाहिलं. संघमित्राने फोन काढून गावाकडच्या गाडीची वेळ बघायला सुरुवात केली होती. "परळीला उतरा," वसुधाबाई म्हणाल्या, "तिथून जीप मिळते. आणि मला घेतल्याशिवाय जाऊ नका."