पहिलं फावडं

आप्पा मला ‘ताई’ म्हणाले, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गावात आप्पांचं घर सगळ्यात मोठं. आजवर त्या दारात मला ‘ए पोरी’ शिवाय हाक नव्हती. अन् त्या दिवशी गावासमोर, तालुक्याच्या साहेबासमोर, “या ताई, पुढं या.” आणि हातात फावडं. परसात संडासाच्या खड्ड्याचं झाकण काढलेलं. सगळ्यांच्या नाकाला रुमाल. साहेबाचा माणूस मोबाईल धरून तयार.

“घाला हात,” आप्पा म्हणाले. “तुमच्या लोकाला काय, सवय असती.”

चार जण हसले. साहेब बी हसला.

सोयगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी घरोघर संडासाचं सांगत फिरते. संभाजीनगरला प्रशिक्षण झालं. दोन खड्डे करायचे. एक भरला की बंद, दुसरा चालू. बंद खड्ड्यातला मैला दोन वर्षांत कोरडी माती होतो. वास नाय, काय नाय. त्याला सोनखत म्हणतात. शिबिरात मी ते मुठीत धरलं होतं. सगळ्यांनी धरलं होतं, ह्याच साहेबानं बी. मग आज त्याचे हात खिशात का?

गावात संडास बांधले, पण त्यात सरपण भरलेलं. खड्डा भरला तर काय, ही भीती. म्हणून आप्पांचा दोन वर्षं बंद असलेला खड्डा सगळ्यांसमोर उघडायचं ठरलं. मला वाटलं, संडास आप्पांचा, रान आप्पांचं, आप्पाच काढतील. येडी मी!

बायांच्या घोळक्यात गयाबाई उभी होती. साठीची, गुडघे गेलेली. सहा महिने मी तिच्या मागं लागले, तेव्हा कुठं तिनं रानात जायचं सोडलं. ती माझ्या हाताकडं टक लावून बघत होती. मी मागं सरले तर ती म्हणणार, हिलाच किळस येती, मग आम्हाला कशाला सांगती. उद्यापासून सगळ्या परत डबा घेऊन रानात. अन् हात घातला तर? माझ्या आज्यानं ह्या गावाची मेलेली ढोरं ओढली. बापानं मार खाल्ला, पण ते काम सोडलं. अन् मी शिकून सवरून परत तिथंच? फरक एवढाच की आता फोटो निघणार.

मी फावडं आप्पांपुढं धरलं. “पहिलं फावडं घरधन्याचं.”

“म्हंजे?”

“तुमच्या घरचं हाय. तुमच्याच रानात जाणार.”

साहेब मधी पडला. “अहो, मूठभर तर घ्यायचंय. सोनखत आहे ते.”

“सोनं असतं तर मला पुढं बोलावलं असतं का, साहेब?”

हसणं बंद. आप्पांचा चेहरा लालबुंद. “लई माजल्यात,” म्हणाले. “चल, नीघ इथून.” झाकण परत बसलं. मी निघाले. रागानं डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांना दिसू दिलं नाय.

दुसऱ्या दिवशी गयाबाईला अन् पाच-सहा जणींना माझ्या घरी नेलं. आमचा जुना खड्डा उघडला. मी अन् नवऱ्यानं आमच्या हातानं खत काढलं, वांग्याच्या बुडाशी टाकलं. गयाबाईनं चिमूटभर घेतलं, नाकाशी नेलं.

“मातीच हाय की गं,” ती म्हणाली. मला लई बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, “पर आमची पोरं काय हात लावायची नायत. आमचा भरला की तुझा नवरा येईल का?”

वाईट मनानं नाही बोलली ती. म्हणून जास्त लागलं. आप्पांवर तरी चिडता येत होतं.

तेव्हापासून मी नुसतं ‘संडास वापरा, हात धुवा’ सांगून उठत नाय. सांगते, सांगणारच. रानात साप-विंचवाला बायांनीच भ्यायचं का? पण आधी विचारते, “खड्डा भरल्यावर उपसणार कोण?” घरोघर एकच उत्तर. “बघू, बोलावू कुणाला तरी.”

“कुणाला तरी म्हंजे कुणाला?”

मग कुणी आढ्याकडं बघतं, कुणी चहा ठेवते म्हणून आत जातं. त्यांच्या मनात कोण आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. मी चहा पिते अन् परत विचारते. त्या घरातल्याच एकाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकल्याबिगर मी आता ओट्यावरून हलत नाय.